वर्ग नियंत्रणाचे गुण

वर्गात मला सगळे मावशी म्हणायचे. म्हणोत बापडे. पन्नाशी उलटल्यावर एम.एड.च्या बाकावर जाऊन बसलं की ताई म्हणवून घ्यायची हौस सोडावीच लागते. आमच्या शाळेतली मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी होणार होती, आणि नवा नियम असा निघाला की शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी नसेल त्याने त्या खुर्चीकडे बघूसुद्धा नये. अख्खी हयात पोरांची शेंबडी नाकं पुसण्यात आणि पाढे घोकून घेण्यात गेली, ती कुणी हिशेबात धरत नाही. म्हटलं, ठीक आहे, शिकते. नवरा म्हणाला, "शिक की. तेवढीच घरात शांतता." तो बस चालवतो, दिवसभर भोंगे ऐकतो, त्यामुळे शांततेची त्याला फार ओढ.

सरकारी विद्यापीठातला आमचा विभाग म्हणजे एक लांबलचक इमारत, अर्ध्या खिडक्यांना काचेच्या जागी पुठ्ठे. तिथे एक प्राध्यापक तासभर एकटेच बोलायचे, विषय काय तर व्याख्यान पद्धतीचे तोटे. मी एकदा हात वर करून म्हटलं, "सर, पटलं." वर्ग खो खो हसला, सरांना काही कळलं नाही.

पण सराव पाठ मात्र मला मनापासून आवडायचे. त्याची रीत अशी, की आमच्यातलाच एक जण शिक्षक व्हायचा आणि बाकीचे सगळे घोडे मुलं व्हायचे. कुणी हुशार मूल, कुणी रडकं, कुणी चहाडखोर. बेल झाली की नाटक सुरू, आणि पुन्हा बेल होईपर्यंत कुणीही सोंग सोडायचं नाही, हा विभागाचा कडक नियम. सोंग सोडलं की शिकवणाऱ्याचे गुण जायचे. एकदा एकाला मधमाशी चावली तर तो बिचारा "बाई, माशी चावली" म्हणून लहान पोरासारखा रडत राहिला, आणि विभागप्रमुख मॅडमनी त्याची पाठ थोपटली.

वात्रट पोर व्हायचं ते मीच. त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. इतकी वर्षं वात्रट पोरांशी संसार केला होता, एकेकाचा नमुना डोक्यात पक्का बसलेला. मी मांजराचे आवाज काढायचे, शेजारच्याचं दप्तर लपवायचे, प्रश्न विचारला की भलतंच उत्तर द्यायचे. मला ताळ्यावर आणणं ही शिकवणाऱ्याची परीक्षा असायची. त्यासाठी पुस्तकात एक युक्ती दिलेली आहे, हेतुपूर्वक दुर्लक्ष. मूल लक्ष वेधून घ्यायला चाळे करत असेल तर त्याच्याकडे बघायचंच नाही, आपला पाठ शांतपणे पुढे न्यायचा. चाळ्यांना प्रेक्षक मिळाला नाही की चाळे आपोआप थांबतात.

आता चिमणीबद्दल सांगते. आमच्या वर्गातली सगळ्यात बारक्या आवाजाची पोरगी, म्हणून चिमणी. अभ्यासात एकदम तरबेज, पण वर्गासमोर उभी राहिली की फळ्याशीच बोलायची. आदल्या वर्षी शेवटच्या सराव पाठात ती नापास झाली होती, वर्ग नियंत्रणात भोपळा. ही तिची दुसरी आणि शेवटची खेप. या वेळी नापास झाली असती तर नावच कमी झालं असतं. तिची आई विचारायची, "झालं का गं तुझं ते मास्तरीण होणं?" आणि ही आतल्या आत मरायची.

पोरगी माझ्या जवळची. डबा माझ्याबरोबर खायची, माझ्या नोट्स नीट लिहून द्यायची, मला लेकीसारखी. पाठाच्या आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं, "हे बघ, परीक्षक बाहेरून येणार आहेत. मी असा धुडगूस घालते की त्यांच्या डोळ्यांत भरला पाहिजे. आणि तू काय करायचं? माझ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी स्वतःला उलटं टांगून घेतलं तरी नाही. जितकं तू दुर्लक्ष करशील तितके तुझे गुण."

"पण मावशी, मला हसू आलं तर?"

"हसलीस तर कानाखाली खाशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅन्टीनमध्ये पांढरीफटक होऊन बसली होती. तिला हसवायला म्हणून मी तिथेच नाटक सुरू केलं. तोंड वाकडं केलं, एक पाय ओढत टेबलापर्यंत आले, बोबडं बोलले, हात थरथरवून बशीतला चहा सांडला. ती हसली. शेजारच्या टेबलावरचा वकीलसुद्धा हसला. वकील म्हणजे आमच्या वर्गातला एक लांबोडका मुलगा, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून ते नाव. म्हणाला, "मावशी, आज पूर्ण तयारीत दिसताय!"

पाठ पृथ्वीच्या फिरण्याचा होता. चिमणीने एक चेंडू आणला होता आणि एक टॉर्च. मागच्या बाकावर विभागप्रमुख मॅडम आणि त्यांच्या शेजारी परीक्षक. जाडजूड, चष्मेवाले, चेहऱ्यावरची माशीही न हलणारे. बेल झाली. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी वकील.

मी ठरवलं होतं, आधी पेन वकिलाच्या डोक्यात मारायचं. पेन उचललं, आणि ते हातातून गळून पडलं.

मी खाली वाकून ते घ्यायला गेले. बोटं पेनाला लागत होती, पण मिटत नव्हती. मी हाताकडे बघत राहिले. हात माझाच होता, अंगठी माझीच होती, पण माझं ऐकत नव्हता. वाटलं, मुंग्या आल्या असतील.

तेवढ्यात चिमणीने चेंडूवर टॉर्च मारला आणि विचारलं, "सांगा बरं मुलांनो, या बाजूला दिवस आहे, तर पलीकडच्या बाजूला काय असेल?"

मला सांगायचं होतं, थांब गं जरा, मला कसंतरी होतंय. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "चमचा."

वर्ग फुटला. मॅडमही हसल्या. मी हादरले. पुन्हा बोलायला गेले, पाणी द्या म्हणायला. "चमचा. चमचा वर चमचा." आता तर लोक बाकावर हात आपटायला लागले. माझं आयुष्य बोलण्यावर गेलं हो. आवाज बसला तर मी हळद घेऊन बसायचे, पण शब्द दगा देईल असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं. डोक्यात सगळं स्वच्छ, एक एक शब्द जागच्या जागी, आणि तोंडातून निघतोय तो चमचा. इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नाही.

उठायला गेले तर उजवा पाय नव्हताच जणू. मी वकिलाच्या खांद्यावर कलंडले. आणि तो गाढव काय म्हणाला असेल? किनऱ्या आवाजात ओरडला, "बाई, बाई, ही मला ढकलते!"

"आपल्या जागेवर नीट बसा हं," चिमणी म्हणाली. आवाज कधी नव्हे तो खणखणीत. आणि ती पुढे शिकवत राहिली.

माझ्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ती हनुवटीवरून साडीवर पडलेली मला दिसत होती, कळत मात्र नव्हती. मी चिमणीकडे बघितलं. तिनेही बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत. मग ती वळली आणि फळ्यावर गोल काढायला लागली. त्या अवस्थेतसुद्धा माझ्या मनात काय आलं सांगू? पोरीने बरोबर घोटवलंय, शाब्बास.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी वकिलाला टेकून होते, तो मधून मधून "बाई, ही बघा ना" करत होता, आणि पुढे पृथ्वी गरगर फिरत होती. शेवटी बेल झाली. टाळ्या कडाडल्या. परीक्षक उठून थेट माझ्याकडेच आले.

"काय अभिनय! इतकं अस्सल वात्रट मूल मी कुठल्याच विद्यापीठात बघितलं नाही," असं म्हणत त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. त्यांनी सोडल्यावर तो धपकन बाकावर पडला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा पडला. मग त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला त्यांचीच कीव आली.

मॅडम किंचाळल्या. मग एकच गोंधळ. कुणी पाणी मारलं, कुणी चप्पल शोधली, दोघांतिघांनी मला उचलून मॅडमच्या गाडीत घातलं. वकील माझं डोकं मांडीवर धरून रडत होता. "मावशी, मला वाटलं तुम्ही मुद्दाम… मावशी, मला वाटलं…" मला त्याला म्हणायचं होतं, गप रे. पण चमचा म्हणण्यापेक्षा मीच गप्प राहिले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. फोटोबिटो काढून झाल्यावर तिने सगळ्यांना स्ट्रेचरभोवती गोळा केलं. "मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण वेळेत दिलं तरच. उशीर झाला असेल तर त्यानेच रक्तस्राव होऊन पेशंट जाऊ शकतो. मला एकच सांगा, हे कधी सुरू झालं?"



"पाठात," मॅडम म्हणाल्या.

"पाठात कधी? आणि त्याआधी ठीक होत्या? कुणी बघितलं?"

तेव्हा वकिलाने तोंड उघडलं. "डॉक्टर, सकाळी कॅन्टीनमध्येच त्यांचं तोंड वाकडं होतं. पाय ओढत होत्या. चहा सांडला."

मी मनातल्या मनात ओरडले, अरे गाढवा, ते नाटक होतं!

"ते नाटक होतं," कुणीतरी म्हणालं.

"नाटक वाटलं आपल्याला," वकील हुंदका आवरत म्हणाला. "पाठातपण नाटकच वाटलं होतं ना?"

एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच बिनतोड बोलला होता, आणि तेही माझ्या मुळावर. डॉक्टरीण म्हणाली, "घरी कोण असतं? झोपेतून उठल्या तेव्हा कशा होत्या?" घरी कोण असणार? नवरा पहाटेच बस घेऊन गेलेला. ड्युटीवर त्याचा फोन बंद. "मग उठल्यापासूनच त्रास असू शकतो," ती म्हणाली. "तसं असेल तर इंजेक्शन देणं धोक्याचं आहे. मी देऊ शकत नाही."

मी तिथे पडून सगळं ऐकत होते. नाटक कुठे संपलं आणि आजारपण कुठे सुरू झालं हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी सगळा जीव एकवटून सांगितलं. बाहेर आलं, "चमचा." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. असं वाटलं, उठावं आणि एकेकाच्या थोबाडीत द्यावी.

तेव्हा चिमणी गर्दीतून पुढे आली. टॉर्च अजून तिच्या हातातच होता. तिने तो खाली ठेवला आणि माझा डावा हात घट्ट धरला. "मावशी, माझं ऐकू येतंय? हो असेल तर हात दाबा."

मी दाबला.

"थांब," डॉक्टरीण म्हणाली, "त्यांना समजतंय की नुसत्याच दाबतात ते बघू दे. मावशी, तुम्ही पुरुष आहात का?"

मी हात ढिला सोडला. वाटलं, काय माणसं आहेत, मरतानासुद्धा तोंडी परीक्षा.

"आज सकाळी उठलात तेव्हा अंगात काही बिघाड होता?" चिमणीने विचारलं. हात ढिला. "कॅन्टीनमध्ये केलं ते मला हसवायला केलं?" मी दाबला. "ते नाटक होतं? नक्की?" मी इतका दाबला की ती कळवळली. मग तिने माझी मूठ वळली आणि चेंडूसारखी वर धरली. "मी पाठ सुरू केला. चेंडूवर उजेड पाडला. त्याच्याआधी तुमचं पेन पडलं. तेव्हा सुरू झालं?"

मी दाबला, आणि दाबूनच धरला.

"तुमचा पाठ किती वाजता सुरू झाला?" डॉक्टरिणीने विचारलं. परीक्षक, मॅडम, वकील, सगळे एकदम एकच वेळ बोलले. डॉक्टरीण वळली आणि नर्सला हाक मारली.

इंजेक्शन दिलं. संध्याकाळी उजवी बोटं हलली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "बरं वाटतंय का?" आणि मी म्हणाले, "तुझं डोकं." तो मोठा बाप्या ढसाढसा रडला. शब्द एकेक करून परत येत होते, काही लगेच, काही रुसून बसलेले. रोज कुणीतरी बसून चित्रं दाखवायची आणि मी त्यांची नावं सांगायची, असा सराव दिला होता. ते काम चिमणीने घेतलं. विभागातून सुटली की थेट माझ्याकडे. चित्रांचा गठ्ठा, डबा, आणि खुर्ची ओढून बसायची. जो येईल तो तिचं कौतुक करायचा. काय हुशार मुलगी, काय प्रसंगावधान! परीक्षक फुलं घेऊन आले होते, तेही म्हणाले, "जन्मजात शिक्षिका आहे." मी तर तिच्यावरून जीव ओवाळून टाकत होते.

एके दिवशी चित्रं आवरताना मी सहज विचारलं. तेव्हा मी अडखळत का होईना पण बोलत होते. "अगं, तुला… पेनाचं कसं कळलं? मी तर ते… वकिलाच्या डोक्यात मारणार होते. पडलं तेही… सोंगच वाटायला हवं होतं."

तिचा हात थांबला.

"तुम्ही पेन उचलायला वाकलात," ती म्हणाली, "आणि हाताकडे बघत राहिलात. मावशी, तुम्ही चाळे करता तेव्हा आमच्याकडे बघता, आम्ही हसतोय का ते. त्या दिवशी तुम्ही कुणाकडेच बघत नव्हतात."

"हं. मग?"

"मग मी चेंडूवर टॉर्च मारला."

मला नीट समजलंच नाही आधी. मेंदू अजून सावकाश चालत होता. मी म्हटलं, "म्हणजे तुला… नंतर आठवलं."

"नाही." तिचा आवाज पुन्हा चिमणीएवढा झाला. "तेव्हाच दिसलं. तेव्हा वाटलं, असेल काहीतरी. मग लाळ आली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेव्हा मला कळलं, मावशी. पक्कं कळलं. पण परीक्षक लिहीत होते. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पाठावर मान डोलवत होतं. मला वाटलं, बेल होतच आली. बेल झाली की लगेच धावते."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नवरा औषधं आणायला गेला होता. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि माझ्या अंगातलं सगळं बळ गेलं. आजारात गेलं नव्हतं इतकं गेलं. ज्या पोरीने मला ओढून आणलं होतं, तिनेच मला तिथे सोडलं होतं. दोन्ही खरं होतं. मी कुठलं धरू?

"गुण किती पडले?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"वर्ग नियंत्रणात पैकीच्या पैकी."

"घेतलेस?"

"घेतले," ती म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली, चूक कबूल केल्यावर पोरं उभी राहतात तशी. असल्या पोरांना काय बोलायचं ते मला चांगलं येतं. किती वर्षं बोलत आले. पण त्या दिवशी मनस्वी राग आला होता, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि ते वाटतंय याचाही राग येत होता.

शेवटी मी म्हटलं, "बस. राहिलेली चित्रं दाखव."

ती बसली. रडणं आवरत तिने एकेक चित्र धरलं. घर. मासा. छत्री. मी पटापट सांगितली. मग तिने कपाचं चित्र धरलं.

कप. शब्द जिभेवर होता, धडधाकट, अगदी तयार. मी तो सांगितला नाही. तोंड थोडं उघडं ठेवलं, उजवा हात चादरीवरून खाली घसरू दिला, आणि कुणाकडेच न बघता भिंतीकडे बघत राहिले.

चित्रं जमिनीवर पडली, खुर्ची पडली. "मावशी!" ती किंचाळली आणि दाराकडे धावली, पुन्हा मागे आली, पलंगावरची बेल एकसारखी दाबत सुटली. "सिस्टर! डॉक्टर! कुणीतरी या, लवकर या!" त्या घशातून एवढा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. बाहेर पळापळ झाली. नर्स आत आली, तिच्यामागे डॉक्टरीण. चिमणी माझा हात दोन्ही हातांनी धरून ओरडत होती, "आत्ता, आत्ता सुरू झालं! मी बघितलं, आत्ताच!"

डॉक्टरीण माझ्यावर वाकली.

"कप," मी म्हणाले.